नाणेघाटात नाणं होतं, खाच नव्हती

शांत राहा असं मला आज कुणीही सांगू नका.

रविवारी पहाटे कळव्याहून पहिली लोकल पकडून कल्याण, तिथून माळशेजवरून जाणाऱ्या एसटीने वैशाखरे, आणि मग दोन-अडीच तास पावसात चिखल तुडवत नाणेघाट. वर पोचले तर ढग फाटलेला, समोर तो उलटा धबधबा. कड्यावरून पडणारं पाणी खालून येणारा वारा झेलतो आणि परत वर फेकतो, ते पाणी. यासाठीच आले होते. ट्रायपॉड उघडला, कॅमेरा चढवला, उभी फ्रेम घेतली आणि कॅमेऱ्याने मान टाकली. लेन्सच्या वजनाने हळूहळू खाली, खाली, खाली. पाहिलं तर बॉलहेड, म्हणजे कॅमेरा हवा तसा वळवायचा ट्रायपॉडवरचा गोळा, घट्ट होता; कॅमेऱ्याच्या तळाला लावायची प्लेट ढिली. स्क्रूला दोन पीळ दिले की झालं असतं.

जुन्या प्लेटच्या स्क्रूला आडवी खाच असायची. रुपयाचं नाणं घालायचं, पिळायचं, कामाला लागायचं. नव्या प्लेटला खाच नाही. षटकोनी भोक आहे, म्हणजे ॲलन की लागते. ती की खोक्यात होती आणि खोकं कळव्यात, कपाटावर. ज्या घाटात जकातीची नाणी टाकायचा म्हणून दगडी रांजण दाखवतात, त्या घाटात मी खिशात चांगली आठ-दहा नाणी खुळखुळवत बसले होते. एकाचा उपयोग झाला असता तर शपथ. नखाने पिळून पाहिलं, केसांच्या पिनेने पाहिलं. पिन वाकली. तेवढ्यात ढग परत आले आणि चित्र संपलं.

ज्याने ती खाच काढून टाकली तो माणूस कधी स्टुडिओबाहेर गेलाय का, एवढंच मला विचारायचंय. वर प्लेटवर अभिमानाने कोरलेलं, ‘ट्रॅव्हल’. अरे, प्रवासात माणसाकडे काय असतं? नाणं असतं!

या ‘ट्रॅव्हल’ शब्दाचा मला मनापासून राग आहे. ट्रॅव्हल ट्रायपॉड म्हणजे काय, तर मिटल्यावर छोटा. छोटा कसा होतो? पायाचे पाच भाग करून. नळीत नळी, तिच्यात आणखी नळी, आणि शेवटची माझ्या करंगळीएवढी. सगळा डोलारा त्या करंगळीवर उभा. वारा आला की तो वाद्याच्या तारेसारखा थरथरतो. खोक्यावर उंची दीडशे सेंटीमीटर, पण ती मधला दांडा पूर्ण वर काढल्यावरची. दांडा वर काढला की तीन पायांच्या डोक्यावर एक काठी उभी केल्यासारखं होतं. नाणेघाटाच्या वाऱ्यात ती काठी उभी करून दाखवा, मी जेवण देईन. वजन १.१ किलो लिहिलेलं, आणि खाली मुंगीच्या अक्षरात ‘हेडशिवाय’. हेडशिवाय ट्रायपॉडचं मी काय करू, लोणच्याची बरणी ठेवू? आणि ‘१२ किलो भार पेलतो’ हा तर विनोदच. हा आकडा कसा मोजायचा याचा सगळ्यांना लागू असा एक नियम नाही, ज्याला जसा सोयीचा तसा तो मोजतो. बारा किलो ठेवल्यावर पाय मोडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असावा. माझ्याकडे दीड-पावणेदोन किलोचा ऐवज आहे आणि तोही याला तीस सेकंद हलल्याशिवाय धरवत नाही.

कार्बन फायबर घे, म्हणतात. घेईन की. हलका असतो, थरथर लवकर विझते, सगळं मान्य. किंमत ॲल्युमिनियमच्या दुप्पट-तिप्पट, तेवढं कुणी भरून देणार असेल तर सांगा.

आता बॅग. घरात पाच आहेत. ‘सहावी कशाला?’ असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर होतं, ‘पाचही चुकीच्या आहेत म्हणून.’ माझी उंची पाच फूट एक इंच. या बॅगा सहा फुटी, रुंद खांद्यांच्या माणसासाठी शिवलेल्या. कमरेचा पट्टा माझ्या मांडीवर येतो, छातीचा पट्टा गळ्याशी. वजन कमरेवर घ्या, असा सल्ला सगळे देतात. घेते, पण कंबर जिथे आहे तिथे पट्टा पोचायला नको?

आणि ही बॅग घेऊन ठाण्याहून पनवेल लोकलच्या लेडीज डब्यात चढून दाखवा. फ्लेमिंगोंसाठी मी हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत सीवूड्सला जाते, तेव्हाचं सांगतेय. बॅग पाठीवर ठेवली की ‘ताई, पुढे घ्या ना बॅग’. पुढे घेतली की बाजूच्या कप्प्यात बांधलेला ट्रायपॉड शेजारणीच्या बरगडीत. तिने जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही, आणि तिचं बरोबर होतं. शिवाय कॅमेरा झटकन काढता यावा म्हणून जी बाजूची चेन दिली आहे, ती गर्दीत नेमकी दुसऱ्याच्या हाताशी येते. झटकन काढायची सोय सगळ्यांसाठीच.

आत डिव्हायडर चौदा. लेन्सला घर, बॅटरीला घर, मेमरी कार्डाला छोटंसं घर. डब्याला नाही. पोळीभाजीचा एक साधा स्टीलचा डबा या बॅगेत आडवा बसत नाही, आणि उभा ठेवला की रस्सा लेन्सच्या शेजारी. बाटलीचा कप्पा दोन्ही बाजूंना आहे म्हणावं, तर एकात ट्रायपॉड गेला, दुसऱ्यात बाटली, छत्री हातात. जुलैत छत्री हातात धरून, दुसऱ्या हाताने खडक पकडून चढायचं. छान.

रेनकव्हर देतात ना, असं कुणीतरी म्हणेलच. देतात. पाठीकडची बाजू उघडी ठेवून देतात. पाऊस मानेवरून पाठीवर, पाठीवरून बॅगेच्या फोममध्ये. बाजूला ट्रायपॉड बांधलेला असेल तर कव्हर बसत नाही, ताणून बसवलं तर तळाशी पाणी साठतं, कारण त्या पिशवीला खाली साधं भोक नाही. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे, हे मी चांगले पैसे मोजून शिकले. फोम दोन-दोन दिवस वाळत नाही. तशीच चेन लावून ठेवली तर पुढच्या वेळी लेन्समध्ये बुरशीची जाळी. आमच्याकडे पावसाळ्यात लोणच्याला झाकण लावायला विसरलं तर आई ओरडायची. आता मी बॅगेवर ओरडते. आणि आतल्या कापडाचा तो रबरी थर दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होतो, मग सोलतो, आणि त्याचे काळे कपटे लेन्सवर. दमट हवेत तो थर टिकत नाही. मग ही बॅग दमट हवेत विकता कशाला?

फिल्टरचं थोडक्यात सांगते, नाहीतर रक्तदाब वाढेल. माझ्या एका लेन्सचं तोंड ६७ मिलिमीटरचं, दुसरीचं ७७चं. मोठा फिल्टर घे आणि तो लहान लेन्सवर बसवणारी स्टेप-अप रिंग लाव, म्हणाले. लावली. आता लेन्सचं हूड बसत नाही, त्यामुळे पावसाचे थेंब थेट काचेवर. ते पुसायला कापड, कापड कोरडं ठेवायला झिपची पिशवी. स्वस्तातला फिरवायचा एनडी, म्हणजे फिरवून प्रकाश कमी-जास्त करायचा काळा फिल्टर, घेतला, तर वाइड लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते. दहा स्टॉपचा, म्हणजे प्रकाश हजारपट कमी करणारा, फिल्टर चांगला, एक तीसांश सेकंदाचं चित्र अर्ध्या मिनिटाच्या वर जातं, पाणी रेशमी होतं. पण त्या अर्ध्या मिनिटात ट्रायपॉड स्थिर हवा. आणि ट्रायपॉडचं मी वर सांगितलंच.

घराजवळ काढावेत फोटो, एवढं लांब कशाला? काढायला गेले की. ठाण्यातल्याच एका तलावाकाठी, संध्याकाळी. पाय उघडत होते तेवढ्यात शिट्टी.

‘ओ मॅडम, स्टँड लावायचा नाही.’

‘का?’

‘परमिशन लागते. प्रोफेशनल आहे ना ते.’

माझ्या मागे चार पोरं गोल दिवा लावून, मोबाइल स्टँडवर ठेवून नाचत होती. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. ‘तो मोबाइल आहे,’ तो म्हणाला. म्हणजे स्टँडला हरकत नाही, माझ्या कॅमेऱ्याच्या आकाराला हरकत आहे. गुपचूप पाय मिटले. मिटताना बोट चिमटलं, तेही आलंच.

आणि दुकानात जाऊन हाताळून घ्यावं, असं सुचवणाऱ्यांना माझा नमस्कार. सीएसएमटीजवळच्या दुकानांत मी दोन शनिवार घालवलेत. एसीमध्ये, फरशीवर, कॅमेरा न लावता कुठलाही ट्रायपॉड खांबासारखा उभा राहतो. बॅगा कागदाचे बोळे भरून टांगलेल्या. माझं सामान भरून, पाठीवर घेऊन जिना चढून बघू का, विचारलं तर काउंटरवरचा माणूस असा बघायला लागला की जणू मी बॅग घेऊन पळणार आहे.

बरं, ॲलन कीचं. परवा ती खोक्यातून काढली, प्लेट घट्ट केली आणि की ट्रायपॉडच्या पायाला काळ्या चिकटपट्टीने गुंडाळून टाकली. पुन्हा असं व्हायला नको. आज रात्री बॅग भरताना बॉलहेड हातातच फिरला. त्याचा खालचा स्क्रू ढिला झालाय. त्यालाही षटकोनी भोकच आहे, आणि ते या कीपेक्षा एक नंबर लहान आहे.