ना तळ्यात, ना मळ्यात

तुमच्या ऑफिसात, मित्रमंडळात किंवा संस्थेत भांडण लागलं असेल तर आधी अभिनंदन. तट पडल्याशिवाय तटस्थ होता येत नाही. आता जागा तयार आहे, आणि ती पटकावायला ना निवडणूक लागते ना अनुभव.

'मी कुणाच्याच बाजूचा नाही' हे दोन्ही बाजूंना सांगा, पण वेगवेगळं गाठून. आवाज खाली आणायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि शेवटी 'तू आपला म्हणून बोलतोय' जोडायचं. दुसऱ्याकडेही हेच, फक्त खांदा बदलतो. मेसेज आला की दोघांनाही अंगठा पाठवा. त्या अंगठ्याचा अर्थ 'पटलं', 'वाचलं' की 'पुरे आता', हे अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. बैठकीत मत विचारलंच तर 'दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे' म्हणा. कोणतं तथ्य, असं कुणी विचारत नाही. आणि मतदानाच्या वेळी महत्त्वाचा फोन येऊ द्या.

कधीकधी एक बाजू उघडउघड चुकीची असते. सगळे मिळून एकालाच टोचत असतात. घाबरू नका. टोचून घेणाऱ्याला बाजूला घेऊन 'तूही जरा समजून घे' म्हणा. टोचणाऱ्याला बाजूला घ्यायची गरज नसते. तो आधीच तुमच्या बाजूला बसलेला असतो.

आदर्श हवा असेल तर बलराम आहे. भीम आणि दुर्योधन दोघंही गदेचे शिष्य, म्हणून हा तीर्थयात्रेला निघून गेला. परतला तो नेमका अठराव्या दिवशी, गदायुद्ध बघायला. भीमाने मांडीवर गदा हाणताच नियम मोडला म्हणून नांगर उचलून धावला. आधीचे सतरा दिवस कापाकापी चालली होती, तेव्हा हे तीर्थस्नानात. ही पायरी गाठायला साधना लागते.

रुक्मिणीच्या भावाचा, रुक्मीचा, कित्ता मात्र गिरवू नका. तो अक्षौहिणी सेना घेऊन पांडवांकडे गेला, 'घाबरला असशील तर मी आहे' असं अर्जुनाला म्हणाला. तिथून परत पाठवल्यावर दुर्योधनाकडे. त्यानेही नको म्हटलं. चूक एवढीच की सैन्य खरोखरच सोबत नेलं. नुसत्या शुभेच्छा नेल्या असत्या तर दोन्ही छावण्यांत आसन मिळालं असतं.

प्राचीन अथेन्सला कायदे घालून देणाऱ्या सोलोनचा विषय कुणी काढला तर उठून जा. नगरात यादवी माजली असताना जो कुठल्याच बाजूला उभा राहणार नाही त्याचे नागरिकाचे हक्क जातील, असा कायदा त्याच्या नावावर सांगतात. असली माणसं आपल्या कमिटीत नाहीत हे नशीब.

आता मुख्य मुद्दा. तुमचं सगळं वजन भांडणावर उभं आहे, तेव्हा ते विझू देऊ नका. फार कष्ट पडत नाहीत. हेन्री ताज्फेल या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. शाळकरी मुलांना सांगितलं, क्ली आणि कांडिन्स्की या चित्रकारांपैकी तुम्हाला कोण आवडतो त्यावरून गट पाडलेत. प्रत्यक्षात गट कसेही पाडले होते. पैसे वाटायला दिले तर मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलंच. शिवाय आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी बेहत्तर, पण समोरच्या गटापेक्षा जास्त हवेत, याकडेही त्यांचा कल दिसला. न आवडलेल्या चित्रावरून एवढं होतं, तर तुमच्याकडे खरंखुरं कारण आहे. अधूनमधून 'तो काय म्हणाला ते सोड, तुला त्रास होईल' एवढं पुरतं.

कारण समेट झाला की पहिला बळी तटस्थाचा जातो. दोघं शांतपणे समोरासमोर बसतात, जुन्या गोष्टी निघतात, आणि कोणाच्या खांद्यावर कधी हात होता याचा हिशेब लागतो.

अजून बरंच सांगायचं होतं, पण निघायला हवं. दोघांनी मला आज बोलावलंय. एकाच वेळी, एकाच ठिकाणी.