‘एक्स-रे स्वच्छ म्हणजे हाड स्वच्छ’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

दात काढल्यावर किंवा रूट कॅनलनंतर जबड्याच्या हाडात लपून राहणाऱ्या दुखण्यांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “एक्स-रेत काही नाही म्हणजे हाडात काही नाही. उगाच घाबरवून स्कॅनची दुकानं चालवता.” यातलं दुकान कुठून आलं? माझ्याकडे स्कॅनचं यंत्र नाही. मतभेद असू द्यात, पण हेतूवर शंका घ्यायची तर निदान लेख शेवटपर्यंत वाचायचा होतात.

एक चूक मान्य. सीबीसीटीचं, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनचं, रेडिएशन मी ‘नगण्य’ म्हटलं होतं, तो शब्द चुकला. लहान भागाच्या स्कॅनचा डोससुद्धा एका दाताच्या साध्या एक्स-रे फिल्मच्या कितीतरी पट असू शकतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ते ‘एक्स-रेत काही नाही’वालं वाक्य. 1961 साली बेंडर आणि सेल्टझर या दंतसंशोधकांनी मृतांच्या जबड्यांत मुद्दाम पोकळ्या कोरून एक्स-रे काढले. पोकळी आतल्या जाळीदार हाडापुरतीच असली की फिल्मवर काही दिसेना. बाहेरच्या टणक थराला धक्का लागला, तेव्हा डाग उमटला. फिल्म म्हणजे हाडाच्या सगळ्या थरांची एकावर एक पडलेली सावली. खालच्या दाढांपाशी बाहेरची भिंत जाड असते, आतलं नुकसान तिच्यात बुडून जातं. साधारण 30 ते 50 टक्के क्षार गेल्याशिवाय डोळ्याला काळेपणा जाणवत नाही. हाडात नव्याने जंतुसंसर्ग झाला तर पहिले दहा-बारा दिवस फिल्म निर्मळ आणि रुग्ण रात्रभर जागा. याला आपण “काही नाही” म्हणणार? उचलली जीभ लावली टाळ्याला!

वीस वर्षं हीच हाडं बघतोय, म्हणून सांगतो : फिल्मच्या आधी हात चालवावे लागतात. आरशाच्या दांड्याने शेजारचे दात उभे-आडवे ठोकायचे. हिरडी आतून-बाहेरून बोटाने चाचपायची, हाड फुगलंय का बघायचं. रुग्णाला डोळे मिटायला सांगून खालच्या ओठाला कापसाची वात लावायची. ओठ बधिर असेल आणि दात काढताना नस दुखावल्याचं कारण बसत नसेल, तर तिथे जुनाट संसर्ग किंवा गाठ, दोन्ही असू शकतं. हिरडीवर पुवाचं छिद्र असेल तर त्यात 25 किंवा 30 नंबरचा गटापर्चा पॉइंट (रूट कॅनल भरायची रबरासारखी बारीक काडी, एक्स-रेत उठून दिसते) अडेल तिथवर हलकेच सरकवून फिल्म घ्यायची. त्याचं टोक पू जिथून येतो तिथे जाऊन थांबतं, आणि कित्येकदा ती जागा छिद्रासमोरच्या दाताची नसतेच. दुसरी फिल्म एक्स-रे यंत्राची नळी आडवी 20 अंश फिरवून. एवढं करूनही उलगडा झाला नाही तरच स्कॅन, तोही साधारण 5 बाय 5 सेंटीमीटरचा.

आणि स्कॅनवर काळं दिसलं म्हणून हाड खरवडायला निघणारेही मला तितकेच खटकतात. इम्प्लांटच्या किंवा धातूच्या कॅपच्या शेजारी किरण अडून काळे पट्टे उमटतात, ती पोकळी नव्हे. काढलेल्या दाढेच्या जागी अस्थिमज्जेचा निरोगी पुंजकाही काळा दिसतो, विशेषतः मध्यमवयीन स्त्रियांत. खरंच काही काढावं लागलं तर तो तुकडा फॉर्मालिनमध्ये घालून तपासणीला गेलाच पाहिजे, आणि कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याचा) नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. हे सगळं लेखात होतं.

दात काढल्यावर तिसऱ्या दिवशी वाढणाऱ्या ठणक्याचं म्हणाल, तर ते बहुधा कोरडं सॉकेट, म्हणजे दाताच्या रिकाम्या खोबणीतली रक्ताची गुठळी निघून गेलेली. सलाइनने धुवायचं, औषधी पट्टी ठेवायची, खरवडायचं नाही. त्याचा इथे संबंध नाही. बाकी मुद्द्यांत शिरत नाही. ‘डॉक्टर लोक असेच’ याला काय उत्तर देणार?

पण आपण शेवटच्या ओळीत लिहिलंत, “माझी खालची दाढ काढून तीन महिने झाले, अजून ठणकते, पण एक्स-रे स्वच्छ आहे.” मग माझ्याशी कशाला भांडताय? तीन महिन्यांनी फिल्मवर सॉकेटची कड दिसणं नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. ठणका मात्र नेहमीचा नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कर्करोगासाठी झोलेड्रोनेट वा डेनोसुमॅबचं इंजेक्शन कधीही घेतलं असेल, अगदी काही वर्षांपूर्वी, तर ते स्वतःहून सांगा, विचारण्याची वाट पाहू नका. त्या औषधांवर हाड हिरडीबाहेर उघडं न पडताही आतून मरत असू शकतं, आणि तिथे घाईने केलेली खरवड जखम आणखी वाढवते. जबड्यावर कधी रेडिएशन घेतलं असेल तर तेही सांगा. ओठाला कापूस लावून बघा. बधिर वाटला तर याच आठवड्यात तोंडाच्या सर्जनकडे जा.