"वर्गात कधी उभ्या राहिलात का?" – एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

प्राध्यापकांनाही शिकवण्याचं प्रशिक्षण हवं, या माझ्या लेखाखाली आपण चार वाक्यं लिहिलीत. ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतंच. कार्यशाळा म्हणजे हजेरी आणि प्रमाणपत्र. आकडे सगळे विज्ञानाचे. आणि शेवटी, अवतरणचिन्हांत: "'मॅडम', वर्गात कधी उभ्या राहिलात का?"

उभी राहिले आहे. १९ वर्षं. मतभेद मला चालतात, पण हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नव्हता, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

तरी उत्तर देते. पदार्थविज्ञान मला चांगलं येत होतं, म्हणजे आपल्या हिशेबाने शिकवताही यायला हवं होतं. तासाला दोनदा फळा भरायचा, मी "समजलं?" विचारायचे, माना डोलायच्या. मग परीक्षेत एक साधा प्रश्न घातला: ट्रक आणि सायकलची टक्कर झाली, कोणावर जास्त बल लागलं? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणाऱ्या निम्म्या वर्गाने सायकलीवर असं लिहिलं; खरं तर दोघांवर सारखंच लागतं. हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनाही १९९० च्या सुमारास असाच धक्का बसला होता. त्यांना विषय येत नव्हता, असं आपण म्हणणार नाही अशी आशा आहे.

पुढे एक ज्येष्ठ सहकारी माझ्या तासाला मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसल्या. प्रश्न विचारून मी जेमतेम सेकंदभर थांबत होते आणि उत्तर स्वतःच देऊन मोकळी होत होते. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी शाळांच्या वर्गांत नेमकं हेच मोजलं होतं. तीन सेकंद थांबलं की मुलं जास्त बोलतात, विचार करून बोलतात. तीनच सेकंद! पहिल्या दिवशी ते सरता सरेनात. घशाला कोरड पडली, आणि मग नेहमी गप्प बसणारी एक मुलगी बोलली. तर महोदय, नुसतं उभं राहून हे कळत नाही. दहा वर्षं उभी होते, कळलं नव्हतं.

कार्यशाळांबद्दल थोडं मान्य. "व्याख्यान कमी करा" हे दिवसभर स्लाइड वाचून सांगणाऱ्या एका शिबिरात मीही डुलक्या काढल्या आहेत. "व्याख्यान मेलं" हे माझ्या लेखातलं वाक्यही जरा चढेलच होतं, मागे घेते.

आकड्यांचं म्हणाल तर मी लेखात दिलेला २०१४ चा आढावा २२५ अभ्यासांचा आहे. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३४ टक्के, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२. तो विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताचा आहे, हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. आपण इतिहास शिकवता म्हणून समोरच्या मुलांचे मेंदू बदलत नाहीत. यावर आणखी वाद घालायची माझी इच्छा नाही.

उत्तर लिहिणार असाल तर 'मॅडम'भोवतीची ती चिन्हं तेवढी काढा. मला ८० उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत.