बिकिला गरिबीमुळे अनवाणी धावला नव्हता

पोलीस भरतीची तयारी सुरू झाली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर फिरतो: ‘इथिओपियाच्या अबेबे बिकिलाकडे बुटांना पैसे नव्हते. तो अनवाणी धावला आणि ऑलिंपिक जिंकला. बूट म्हणजे कंपन्यांची लूट. पोरांना अनवाणी पळवा.’

अनवाणी जिंकला, एवढंच यातलं खरं. १० सप्टेंबर १९६०, रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद.

पैशांचं कारण चूक आहे. बिकिला सम्राटाच्या अंगरक्षक दलातला शिपाई होता, ओन्नी निस्कानेन हा स्वीडिश प्रशिक्षक त्याला तयार करत होता. रोममध्ये मिळालेले बूट पायाला नीट बसेनात, म्हणून ते बाजूला ठेवले. अनवाणी सरावाची सवय होती, तळवे घट्ट झालेले होते. शिवाय शर्यत संध्याकाळी सुटली आणि अंधारात संपली. भर दुपारचं डांबर त्याच्या वाट्याला आलं नाही.

बूट नसल्यामुळे जिंकला म्हणणाऱ्यांनी पुढच्या, टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन पाहावी. २१ ऑक्टोबर १९६४ ला, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन काही आठवडेच झालेले असताना, तो बूट-मोजे घालून धावला आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पोचला. रोमपेक्षा तीन मिनिटं कमी! दुसरा धावपटू चार मिनिटांहून मागे. ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच. ही शर्यत गाळून त्याची थोरवी सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. सुमारे २,३०० मीटर उंचीवरच्या इथिओपियाच्या राजधानीतल्या, अदिस अबाबातल्या विरळ हवेत घेतलेली मेहनतही त्या मजकुरात नाही.

आता ‘पोरांना अनवाणी पळवा’. बूट वापरणारं पोर एकदम अनवाणी पळवलं, की आधी पोटऱ्या धरतात, मग टाचेमागची शीर दुखते. तरीही रेटलं तर चवड्याच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. करायचंच तर ओहोटीला ओल्या, घट्ट पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर), एक दिवसाआड पाच मिनिटं. दुखलं नाही तरच दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. पुळण समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेने पळालं तर एका पायावर जास्त ताण येतो, म्हणून जितकं जाल तितकंच त्याच वाटेने परत या. किनारा भाट्येचा असो वा गुहागरचा, कोरड्या भुसभुशीत वाळूत वेगाचा सराव नको, घोटा मुरगळतो. जांभ्याच्या खडीवर आणि कातळावर अनवाणी पळूच नका. पावसाळ्यात तर मुळीच नाही: तळव्याला चीर असेल आणि साचलेल्या पाण्यात पाय पडला, तर लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो.

बूट महाग नसला तरी चालेल, बसणारा हवा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोजे घालूनच मापून बघा. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, टाच मात्र हलता कामा नये. नवा जोड चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, दोन-तीन आठवडे आधीपासून वापरा. खाऱ्या पाण्यात भिजला तर गोड्या पाण्याने धुवा, आतली गादी काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. कडक उन्हात ठेवला तर तळ सुटतो.