पट्टी नसलेलं घर

पाण्याकाठी एक साधं, मोकळं, आधुनिक घर बांधायचंय असं कुणी म्हणालं की माझ्या डोळ्यांसमोर पाणी येत नाही, पट्टी येते. भिंत आणि फरशीच्या सांध्यावरची स्कर्टिंगची पट्टी, दाराच्या चौकटीभोवतीची लाकडी पट्टी, छताच्या कडेची पीओपीची पट्टी. लोकांना वाटतं ती शोभेसाठी असते. छे! ती अब्रू झाकायला असते. गिलावा ८ मिलिमीटर पुढे आला, फरशी भिंतीपाशी तोकडी पडली, चौकट ओळंब्यात बसली नाही, सगळ्यांचे अपराध ती पोटात घालते. 'मिनिमल' घरात पहिली कुऱ्हाड या माउलीवर.

तिच्या जागी भिंतीच्या पायाशी १० मिलिमीटरची काळी, सरळ फट येते. फटीतलं ॲल्युमिनियमचं प्रोफाइल गिलाव्याच्या आधी लेव्हलमध्ये बसवायचं, गिलावा त्याच्या ओठाशी आणून थांबवायचा आणि फरशी त्याच्याखाली सरकवायची. २ मीटरचा पाटा भिंतीला टेकवला तर मागे २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसता कामा नये. फट एका टोकाला ८ आणि दुसऱ्या टोकाला १२ झाली, तर आलेला पाहुणा पाणी बघायचं सोडून फटच बघत बसतो. पट्टी काढली की पट्टीचा गवंडी लागतो, तो असा.

मग जातो उंबरठा. नकाशात दिवाणखान्याची फरशी एका रेघेत बाहेरच्या डेकवर जाते. ही रेघ मालकाला आवडते, त्याहून पावसाला आवडते. आतबाहेर एक पातळी दिसायची असेल तर बाहेरचा स्लॅब मुळातच १०० ते १५० मिलिमीटर खाली टाकावा लागतो. त्यावर वॉटरप्रूफिंग, ८० ला १ असा घराबाहेर जाणारा उतार, दाराला लागून जाळीदार पन्हळ, आणि या सगळ्यावर पायांवर उभा केलेला डेक. वॉटरप्रूफिंगचा थर दाराच्या चौकटीखाली वर वळवून घ्यायचा, नाहीतर पाणी त्याच्या कडेवरून आत येतं. हे स्लॅब ओतायच्या आधी ठरवायचं. नंतर सुचलं तर एकच उपाय उरतो, आणि त्याला उंबरठा म्हणतात.

काचेचं तर विचारूच नका. साधा हिशेब आहे: काच १ चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते. सरकत्या दाराचा ३ मीटर रुंद, २.४ मीटर उंच असा दुहेरी काचेचा पल्ला, दोन्ही काचा ६ मिलिमीटरच्या, म्हणजे २१६ किलो. चौकट वेगळी. तीन धट्टेकट्टे मामा एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून रुळावर सरकताहेत असं समजा. वरची तुळई ६ मीटरची असेल तर भाराखाली तिचा नियमात बसणारा झोलसुद्धा १६-१७ मिलिमीटर होऊ शकतो. चौकटीच्या डोक्यावर तेवढी हलती जागा ठेवली नाही की तुळई मामांच्या डोक्यावर बसते आणि दार जागचं हलत नाही. खालच्या रुळातली पाणी जायची भोकं वाळूने बुजली, तर काचेचा सीलबंद तळ पाण्यात बसून राहतो, सील सुटतं आणि धुकं दोन काचांच्या मधोमध जमतं. ते कुठल्याही फडक्याने पुसता येत नाही.

त्यात पाण्याकाठी सूर्य दोन असतात. भर दुपारी पाणी फारसं उजेड परतवत नाही, पण मावळतीला तेच आरसा होतं. छज्जा वरच्या सूर्यासाठी. हा दुसरा खालून घुसतो. म्हणजे बाहेरून पडदे आले. ते गुंडाळले की दिसू नयेत म्हणून छतात खाच आली. दिसू नये म्हणून जे जे करायचं, त्याचं बिल मात्र ठळक अक्षरांत येतं.

पाणी खारं असेल तर स्टेनलेस स्टीलला नाव विचारून घ्या. ३०४ जातीवर काही महिन्यांत चहाचे शिंतोडे उडाल्यासारखे तपकिरी डाग येतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ती बरीच टिकते. तिलाही अधूनमधून गोड्या पाण्याची आंघोळ लागतेच. उघड्या काँक्रीटची हौस असेल तर सळईवर निदान ५० मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, ठेवा. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटचे पोपडे उडवते. बांधायच्या तारेचं एखादं शेपूट शटरिंगला टेकलं, तरी भिंतीवर तांबडा ओघळ उतरतो.

आता सामान. ते कुठे ठेवायचं? या पंथाचं काशीक्षेत्र म्हणजे अमेरिकेत फॉक्स नदीकाठी मीस व्हान डेर रोहे यांनी डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी उभारलेलं, १९५१ मध्ये पूर्ण झालेलं काचघर. अख्खं स्वयंपाकघर रस्त्यावरून दिसतं म्हणून सिंकखाली कचऱ्याचा डबाही ठेवत नाही, असं बाईंनीच सांगून ठेवलंय. मालक आणि वास्तुविशारद कोर्टात गेले ते वेगळंच. फरशी जमिनीपासून सव्वापाच फूट उचललेली. तरी १९५४ मध्ये नदी आत आली, १९९६ मध्ये पुन्हा आली. नदीला 'मिनिमल' कळत नाही. तिची सर्वांत वरची जुनी खूण कुठे आहे ते आधी विचारा, मग फरशीची पातळी ठरवा.

आणि डास! नकाशात डास काढायची पद्धत नाही. फार्न्सवर्थबाईंनी व्हरांड्याला जाळ्या बसवून घेतल्या, तुम्हीही बसवाल. जाळीच्या पल्ल्याला स्वतःचा तिसरा रूळ लागतो, म्हणजे चौकट रुंद होते. जाळी आणि काच जिथे भेटतात तिथे बोटभर फट उरते. डासाला तेवढी पुरते. सुतार येतो, फटीकडे बघतो, खिशातली पेन्सिल कानावर ठेवतो आणि म्हणतो, ''काही नाही साहेब, इथे एक ब्रशची पट्टी मारून टाकू.''