भंगारात कॉम्प्युटर घालण्याआधी एकदा उघडून बघा

भंगारवाल्याच्या काट्यावर १९८९ चा एक्सटी पीसी आणि मागच्या दशकातला डेस्कटॉप सारखेच. पत्रा वेगळा काढायचा, तांबं वेगळं, बोर्ड वेगळे. त्यातही जुन्या बोर्डांवर सोन्याचा मुलामा जाड असतो, म्हणून नेमके तेच आधी ॲसिडात जातात.

माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो तो जिस्ट कार्डांसाठी, म्हणजे पीसीवर भारतीय लिपी आणणाऱ्या कार्डांसाठी. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने पुढे नेलं. कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं की विंडोजआधीच्या डॉसवरच्या नेहमीच्या प्रोग्राममध्येच मराठी टाइप व्हायची. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीचा आजचा सामायिक संकेत, अजून हातात आलेलं नव्हतं. मजकूर इस्की संकेतात साठायचा, १९९१ चं भारतीय मानक. अशी फाइल आज सापडली तर ती युनिकोडमध्ये आणता येते.

डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याचं, दुखणं मोठं आहे. तिथे प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा संकेत वेगळा, आणि बरीच सॉफ्टवेअर्स प्रिंटरच्या पोर्टला लावलेल्या हार्डवेअर लॉकशिवाय सुरूच व्हायची नाहीत. काडेपेटीएवढाही नसलेला तो प्लास्टिकचा तुकडा छापखाना आवरताना पहिल्यांदा कचऱ्यात जातो. मग दिवाळी अंकांच्या, गावोगावच्या साप्ताहिकांच्या फाइली हातात असूनही पानं जशी लावली होती तशी उघडत नाहीत. कागदी अंक जपणारी माणसं आपल्याकडे आहेत. हे जपायला कोणी नाही, याचा मला खरंच राग येतो.

ई-कचऱ्याचे नियम हवेतच. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये उघड्या हातांनी बोर्ड ॲसिडात बुडवणाऱ्यांचे हाल बघितले की त्यावर वाद उरत नाही. पण कार्यालयांचे लॉट चुरा करणाऱ्या यंत्रात जाण्याआधी जाणत्या माणसाने एक नजर टाकावी, एवढी सोय त्यात हवी.

जुनं मशीन मिळालं तर लगेच वीज देऊ नका. २८६-३८६ प्रोसेसरच्या जुन्या पीसीच्या बोर्डावरची छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खात असते. आधी ती कापून काढा. काचेची खिडकी असलेल्या चिपवरचं स्टिकर सोलू नका, अतिनील प्रकाशाने आतला प्रोग्राम पुसला जातो. फ्लॉपीवर बुरशी दिसली तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका, हेडही खराब होतं आणि चकतीही खरवडते.

कोणाच्या छापखान्याच्या माळ्यावर, शाळेच्या अडगळीत असं काही पडलं असेल तर विकण्याआधी फोटो पाठवा. भंगाराचा भाव मी देईन. लॉक मात्र आठवणीने शोधा, बहुतेक वेळा तो सीपीयूच्या मागेच लटकलेला असतो.