फ्लेमिंगोंमागचा टॉवर

ऐरोलीच्या खाडीत किंवा नेरुळच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरले की ठाणे-नवी मुंबईच्या फोटोग्राफर मंडळींत एक वाद ठरलेला. कुणीतरी पक्ष्यांमागचे टॉवर पुसून फोटो दाखवतो आणि सुरू होतं: हा फोटो खरा की खोटा, याला कला म्हणायचं का? लंडनमधून हा वाद वाचताना वाटतं, दोन्ही बाजू भलत्याच ठिकाणी जोर लावतायत. फोटो काय म्हणून समोर ठेवलाय, हे आधी विचारायला हवं.

फियाप आणि पीएसए या फोटोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या स्पर्धांत ‘नेचर’ विभागात क्रॉप, म्हणजे फोटोच्या कडा कापणं, चालतो. चौकटीतली वस्तू काढणं, हलवणं, नवी घालणं चालत नाही. तिथे टॉवर पुसणं ही फसवणूकच. शिवाय आपल्या खाडीकाठी टॉवर हीच निम्मी बातमी आहे. इमारती पाणथळीला किती भिडल्यात, हे उद्या याच फोटोंवरून कळणार. कलाकृती म्हणून मांडताना मात्र हिशेब वेगळा. जर्मन फोटोग्राफर आंद्रेआस गुर्स्कीने ऱ्हाइन नदीच्या ‘ऱ्हाइन २’ (१९९९) या फोटोत पलीकडची कारखान्याची इमारत आणि काठावरची माणसं संगणकावर काढून टाकली. उरले हिरवे-करडे आडवे पट्टे. २०११ मध्ये त्याची एक प्रत ४३ लाख डॉलरला विकली गेली, आणि इकडे गॅलऱ्यांमधली चर्चा बहुधा त्या आकड्यापाशीच थांबते. ती प्रिंट साडेतीन मीटर रुंद आहे आणि तिच्यासमोर जवळ उभं राहिलं की नदी नजरेच्या दोन्ही कडांबाहेर जाते, हे क्वचितच कुणी बोलतं.

‘कॅमेऱ्यातून आलं तेच खरं’ म्हणणारे फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा दाखला देतात. क्रॉपला त्याचा विरोध होता हे खरं. पण पॅरिसच्या सँ-लझार स्टेशनामागे पाण्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचा १९३२ चा फोटो क्रॉप केलेलाच आहे, कारण डावीकडे कुंपणाच्या फळ्या आल्या होत्या.

या वादात पडणाऱ्याने अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’वर (१९४१), म्हणजे गाव आणि दफनभूमीवर उगवलेल्या चंद्राच्या फोटोवर, सावकाश वेळ घालवावा. सूर्य मावळत होता, थडग्यांवरच्या क्रुसांवरचा उजेड जायच्या बेतात होता आणि उजेड मोजायचा लाइट मीटर ॲडम्सला सापडेना. चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला २५० कँडल, हे त्याला पाठ होतं. त्यावरून हिशेब करून त्याने ८ × १० इंची निगेटिव्हवर एफ/३२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, १ सेकंद एक्सपोजर दिलं. दुसरी निगेटिव्ह घेण्याआधी उजेड गेला. पुढची जमीन निगेटिव्हवर पातळ उतरली होती, म्हणून १९४८ मध्ये निगेटिव्हचा तेवढाच भाग रसायनाने गडद करून घेतला. सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाशात ढगांचे पुसट पट्टे दिसतात. नंतरच्या प्रिंट्समध्ये डार्करूममध्ये बर्न करून, म्हणजे तेवढ्या भागाला जास्त उजेड देऊन, आकाश जवळजवळ काळं केलंय. निगेटिव्ह एकच, प्रिंट्स हजाराहून जास्त. त्यातली खरी कोणती, हे विचारून हाती काही लागत नाही. जास्त ताकदीची कोणती, यावर तासभर बोलता येतं. मला सुरुवातीच्या फिकट आकाशाच्या आवडतात, त्यांत गावात अजून संध्याकाळ असते.

हे बोलायला प्रिंट समोर हवी. फोनवर ब्राइटनेस आपोआप बदलतो आणि काळ्यातला तपशील बुडतो. अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड वेस्टनने १९३० मध्ये पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढलेली ढोबळी मिरची मुळात ८ × १० इंची निगेटिव्हची कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्हच्याच मापाची. फोनवर ती आणि गुर्स्कीची नदी एकाच मापाची होते.

लंडनचं सुख हेच. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १८५२ पासून फोटो जमवतंय. नाजूक प्रिंट्स तिथे जेमतेम ५० लक्स, म्हणजे अगदी मंद, उजेडात लावतात आणि काही काळाने पेटीत परत ठेवतात. पण सुरुवातीला मुंबई मागे नव्हती. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ ची, मुंबईची १८५४ ची, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी मुंबईच्या सोसायटीत होते. आपल्याकडे अडतंय ते प्रिंट जवळून बघायच्या जागेपाशी.

त्यासाठी ठाण्यात म्युझियम उभं राहायची वाट बघू नये. फोटोग्राफर दयानिता सिंग यांचं ‘म्युझियम भवन’ (२०१७) म्हणजे एका पेटीत नऊ घडीच्या पुस्तिका. उलगडून टेबलावर उभ्या केल्या की प्रदर्शन झालं. १८९३ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात अशा फोटोपुस्तकांचं एक कपाट व्हावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे. आणि राहत्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा, स्पर्धेसारखे नंबर न काढता, प्रिंट्स मांडाव्यात. त्याच फाइलची टॉवरसकट आणि टॉवरविना अशी जोडी शेजारी लावावी, खाली काय बदललं ते लिहावं. बघताना प्रिंटच्या कर्णाएवढ्या अंतरावर उभं राहावं, मग जवळ जावं. आधी सगळ्यात काळा भाग बघावा, मग चारही कडा, विषय शेवटी.

अशी प्रिंट करून घ्यायची तर १२ × १८ इंचांना ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो. प्रिंट काळपट येते ती बहुतेकदा मॉनिटर फार उजळ ठेवल्यामुळे. त्याचा उजेड १०० निटच्या (पडद्याच्या उजेडाचं माप) आसपास आणावा. मॅट कागदावर काळा रंग कमी गडद उतरतो, म्हणून लॅबकडून त्या कागदाचं प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात याची फाइल) घेऊन सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील रूपाचा अंदाज, पडद्यावर बघावं आणि सर्वात गडद भागाची ४ × ६ इंची पट्टी आधी छापून घ्यावी. फ्रेम करताना प्रिंट आणि काच यांच्यामध्ये ॲसिड-फ्री माउंटची (जाड पुठ्ठ्याची) खिडकी हवीच. काच थेट टेकली तर जुलैच्या दमटपणात प्रिंटचा थर काचेला चिकटतो आणि सोडवताना फाटतो. सेलोटेप लावू नये, तिचा गोंद कागदात उतरून पिवळा डाग पडतो. प्रिंट माउंटला धरून ठेवायला जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने वरच्या कडेलाच लावाव्यात, म्हणजे कागदाला फुगायला-आकसायला जागा राहते. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळून फ्रेम आतल्या भिंतीवर टांगावी आणि मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबरी बटणं लावावीत, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते.